एच-इंडेक्स छापा, पण कुठला आणि कधीचा तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जगातल्या 'अव्वल दोन टक्के' शास्त्रज्ञांची यादी दरवर्षी पावसाळा सरता सरता जाहीर होते आणि मग आठवडाभर एकच बातमी वेगवेगळे फोटो लावून छापली जाते. बडोद्यातल्या वैद्यकीय, औषधनिर्माण किंवा जीवरसायन विभागातले कुणी त्यात असले की आम्हालाही बरे वाटते, आडनाव मराठी असले तर अंमळ जास्तच. तक्रार कौतुकाबद्दल नाही, आकड्यांबद्दल आहे. इतके पेपर, इतकी सायटेशन्स (त्या पेपरांचे इतर पेपरांत आलेले उल्लेख), इतका एच-इंडेक्स (निदान तितकी सायटेशन्स मिळालेले तितके पेपर), असे तीन आकडे ठळक टायपात येतात. ते कुठून घेतले, कोणत्या तारखेला घेतले, विषय कोणता आणि त्या पेपरांवर त्या व्यक्तीचे नाव कितव्या जागी आहे, याचा मात्र पत्ता नसतो. या चार गोष्टी कळल्याशिवाय त्या तीन आकड्यांचा अर्थच लागत नाही.

आधी यादीचेच घ्या. बातमीत ती 'स्टॅनफर्डची यादी' असते आणि कधी कधी चक्क 'स्टॅनफर्ड विद्यापीठाचा सन्मान' होऊन बसते. ही यादी स्टॅनफर्डमधले प्राध्यापक जॉन इओआनिडिस आणि त्यांचे सहकारी काढतात. त्यांची पद्धत २०१९ मध्ये 'प्लॉस बायॉलॉजी' या जर्नलमध्ये प्रसिद्ध झाली. आकडे स्कोपस या डेटाबेसमधले असतात आणि फाइल एल्सव्हिअर या प्रकाशन कंपनीच्या साइटवर कुणालाही उतरवून घेता येते. विद्यापीठाने कुणाची निवड केली, कुणाला गौरवले, असे त्यात काहीच घडत नाही. शिवाय याद्या दोन असतात. एक पूर्ण कारकिर्दीची, दुसरी फक्त एका वर्षात मिळालेल्या सायटेशन्सची. दुसरीत नाव येणे पहिलीपेक्षा बरेच सोपे, कारण एखादा पेपर एका वर्षी गाजला तरी काम भागते. बातमीत कोणती यादी ते क्वचितच सांगितलेले असते. कारकिर्दीच्या यादीत दिवंगत शास्त्रज्ञही असतात, तेव्हा सत्काराची पत्रिका छापण्याआधी चौकशी केलेली बरी.

या यादीतला क्रम नुसत्या एच-इंडेक्सवर लागत नाही. सहा आकड्यांचा मिळून एक गुणांक काढतात: एकूण सायटेशन्स, एच-इंडेक्स, सहलेखकांच्या संख्येनुसार उतरवलेला एच-इंडेक्स, एकट्याने लिहिलेल्या पेपरांची सायटेशन्स, एकट्याच्या किंवा पहिल्या नावाच्या पेपरांची, आणि एकट्याच्या, पहिल्या किंवा शेवटच्या नावाच्या पेपरांची. म्हणजे सहापैकी तीन आकडे लेखकाच्या जागेवर ठरतात. याच फाइलमध्ये प्रत्येकाच्या नावापुढे स्वतःचीच (सहलेखकांनी दिलेली धरून) सायटेशन्स किती टक्के, हाही स्तंभ असतो आणि अलीकडच्या आवृत्त्यांत मागे घेतलेल्या पेपरांचाही. २०१९ च्या यादीत स्व-सायटेशनचा मध्यक (निम्मे वर, निम्मे खाली असा मधला आकडा) १२.७ टक्के होता, तर निदान अडीचशे जणांचे प्रमाण पन्नास टक्क्यांच्या वर होते. स्वतःचा जुना पेपर उद्धृत करण्यात गैर काही नाही. एकाच विषयावर वीस वर्षे काम करणाऱ्याला ते करावेच लागते. पण जो स्तंभ फाइलमध्ये आयता मिळतो तो पाहून बातमी द्यायला पाच मिनिटे पुरतात.

आता एच-इंडेक्स. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी तो २००५ मध्ये मांडला, आणि तो कागदावर काढून पाहिल्याशिवाय त्याची खोड कळत नाही. समजा एकाचे आठ पेपर आहेत. सायटेशन्स उतरत्या क्रमाने लिहू: २१०, ६४, ३१, १२, ९, ६, ३, ०. सहाव्या पेपरला ६ आहेत, म्हणजे निदान ६ सायटेशन्सचे ६ पेपर जमले. सातव्याला ७ हवीत, आहेत ३. म्हणून एच-इंडेक्स ६, एकूण सायटेशन्स ३३५. आता पहिल्या पेपरची २१० सायटेशन्स उद्या २,१०० झाली तरी एच-इंडेक्स सहाच राहतो. उलट सहाव्या पेपरला आणखी एक आणि सातव्याला आणखी चार मिळाली की तो सात होतो. एखाद्याने एकच मोठा शोध लावला आणि दुसऱ्याने सटरफटर चाळीस पेपर काढले, तर हा आकडा दुसऱ्याच्या बाजूने झुकतो. शिवाय माणूस निवृत्त होऊन घरी बसला तरी तो घटत नाही, जुने पेपर उद्धृत होत राहिले तर वाढतोच. तीस वर्षे काम केलेल्याचा ४० आणि आठ वर्षे काम केलेल्याचा १८ हे शेजारी शेजारी छापणे म्हणूनच बरोबर नाही. हर्श यांनीच वर्षांनी भागण्याची सूचना केली होती. तसे केले तर पहिल्याचे १.३ आणि दुसऱ्याचे २.२५ येते.

हा आकडा घेतला कुठून, यावरही बरेच अवलंबून असते. गूगल स्कॉलर प्रबंध, परिषदांतली टिपणे, प्रीप्रिंट (जर्नलच्या तपासणीआधीच खुले केलेले पेपर), विभागाच्या साइटवर पडलेल्या पीडीएफ, सगळे मोजतो. स्कोपस ठरावीक जर्नल्स, परिषदा आणि पुस्तके मोजतो. वेब ऑफ सायन्सच्या मूळ संग्रहाची चाळणी बहुधा त्याहून बारीक. त्यामुळे एकाच व्यक्तीचा स्कॉलरवरचा एच-इंडेक्स जवळजवळ नेहमीच सर्वांत मोठा निघतो, आणि बायोडेटात सहसा तोच असतो! पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या सूचीवर पेपर सापडतात, पण पबमेड एच-इंडेक्स देत नाही. 'पबमेडनुसार एच-इंडेक्स' असे कुणी सांगितले तर तिथेच थांबून विचारावे. स्कॉलरचे प्रोफाइल मालक स्वतः सांभाळतो, नवे पेपर आपोआप जोडण्याची सोय त्यात सुरुवातीपासून चालू असते आणि त्या वाटेने भलत्याचेच पेपर आत येतात. मालकाने यादी चाळली नाही तर ते वर्षानुवर्षे तसेच राहतात.

यात बडोद्याची स्वतःची अडचण आहे. जोशी, पंड्या, देसाई ही आडनावे इथे मराठी घरांतही आहेत आणि गुजराती घरांतही. जर्नलमध्ये नाव 'जोशी एस.' एवढेच गेले तर स्कोपसची यंत्रणा दोन-तीन जणांना एकत्र गुंडाळते किंवा एकाच व्यक्तीचे तीन तुकडे करते. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे किंवा नवऱ्याचे. ते कधी लिहिले जाते, कधी गाळले जाते. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेचे पीएच.डी.चे पेपर एका प्रोफाइलवर आणि नंतरचे दुसऱ्यावर, हे तर नित्याचेच. गुजरातेत अर्जांवर आडनाव आधी लिहितात. त्याच क्रमाने नाव जर्नलला पाठवले की वडिलांचे नाव आडनाव म्हणून नोंदले जाते आणि तो पेपर मोजणीतून गायब होतो. संस्थेच्या नावाचेही तसेच. पत्त्यात महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटीऐवजी नुसते 'एम.एस.यू.' लिहिले तर मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीची आद्याक्षरेही तीच. शहर वडोदरा झाले तरी विद्यापीठाच्या नावात बडोदा कायम आहे. एका पेपरवर 'वडोदरा', दुसऱ्यावर 'बरोडा', तिसऱ्यावर विद्यापीठ गाळून फक्त विभाग, असे झाले की संस्थेची बेरीजही चुकते.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. २०१२ पासून प्रत्येक संशोधकाला ऑर्किड नावाचा स्वतःचा सोळा अंकी क्रमांक मिळतो. चार-चारचे चार गट असतात आणि शेवटचा अंक पडताळणीचा, त्यामुळे तिथे कधी 'एक्स' हे अक्षरही येते. संशोधकाने हा क्रमांक प्रत्येक पेपर पाठवताना दिला, स्कोपसच्या प्रोफाइलला जोडला आणि तुकडे झालेली प्रोफाइले एकत्र करण्याची विनंती केली की मोठा गोंधळ निवळतो. बातमीदाराने नाव न शोधता ऑर्किड क्रमांक मागून घ्यावा.

लेखकाची जागा हा जीववैद्यकातला सगळ्यांत कळीचा मुद्दा. गणितात नावे बहुधा वर्णक्रमाने लावतात, तिथे क्रमाला अर्थ नसतो. वैद्यक आणि जीवरसायनात असतो. पहिले नाव ज्याने प्रत्यक्ष काम केले त्याचे, शेवटचे प्रयोगशाळा चालवणाऱ्या गाइडचे, आणि संपादकांशी पत्रव्यवहार करणाऱ्याच्या नावापुढे चिन्ह. मधली नावे रक्ताचे नमुने देणाऱ्यापासून संख्याशास्त्र पाहणाऱ्यापर्यंत कुणाचीही असू शकतात, आणि विभागप्रमुखांचे नाव निव्वळ शिष्टाचारापोटीही असते. 'ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज' या जागतिक प्रकल्पाचे पेपर 'लॅन्सेट'मध्ये शेकडो सहलेखकांच्या नावाने येतात आणि एकेक पेपर हजारो वेळा उद्धृत होतो. अशा दहा पेपरांत नाव असले की एकूण सायटेशन्सचा आकडा एखाद्या नोबेलविजेत्याच्या तोडीचा दिसू लागतो. त्या प्रकल्पात भाग घेणे चांगलेच आहे, पण बातमी लिहिताना ते पेपर वेगळे काढून उरलेल्यांची बेरीज विचारावी. पहिल्या आणि शेवटच्या नावाचे पेपर किती, हा एकच प्रश्न विचारला तरी बरेच कळते.

सायटेशन्स जास्त म्हणजे शोध मोठा, ही समजूत सर्वांत घट्ट बसलेली आहे आणि तिचा सर्वांत चांगला उतारा जीवरसायनाच्या प्रात्यक्षिकातच सापडतो. २०१४ मध्ये 'नेचर'ने आजवरच्या सर्वाधिक उद्धृत शंभर पेपरांची मोजदाद केली. पहिला आला ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा पेपर, तीन लाखांहून अधिक सायटेशन्स मिळवून. विषय काय, तर द्रावणात प्रथिन किती ते कसे मोजावे. नमुन्यात अल्कधर्मी तांब्याचे द्रावण घालायचे, दहा मिनिटे थांबायचे, रंग आणणारे फोलिनचे अभिकर्मक घालून लगेच ढवळायचे आणि अर्ध्या तासाने निळ्या रंगाची तीव्रता मोजायची. ढवळायला उशीर झाला तर आकडा कमी येतो, कारण फोलिनचे अभिकर्मक अल्कधर्मी द्रावणात फार वेळ टिकत नाही.  एम.एस्सी.च्या मुलांना हे पाठ असते. दुसरा क्रमांक लेम्ली यांच्या १९७० च्या, प्रथिने वेगळी करण्याच्या जेल-पद्धतीचा, तिसरा ब्रॅडफर्ड यांच्या १९७६ च्या प्रथिनमोजणीचा. तिन्ही पेपर पद्धतीचे आहेत, कारण ती पद्धत वापरणारा प्रत्येक जण तळाशी त्याची नोंद देतो. लाउरींनाही तो काही आपला थोर पेपर वाटत नव्हता. भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ येल्लाप्रगड सुब्बाराव यांचे नाव जगभर जितक्या वेळा उद्धृत झाले त्यातला मोठा वाटा फिस्क यांच्याबरोबरच्या १९२५ च्या फॉस्फरसमोजणीच्या पेपरचा, तोही पद्धतीचाच. आणि पद्धत अगदीच अंगवळणी पडली की लोक मूळ पेपरचा उल्लेखही सोडून देतात, हा उलटा प्रकारही घडतो.

विषयाविषयातले अंतर असेच फसवे. कर्करोग किंवा प्रतिकारशास्त्रात माणसे खूप, पेपर खूप, प्रत्येक पेपरच्या तळाशी संदर्भांची यादी लांब, त्यामुळे सायटेशन्सही भराभर साठतात. शरीररचना, न्यायवैद्यक किंवा दंतशास्त्रात तसे नसते. एकाच वैद्यकीय महाविद्यालयातल्या दोन विभागांची एच-इंडेक्सवरून तुलना करणे त्यामुळे अन्यायाचे होते. यावर तोडगा म्हणून विषयानुसार जुळवलेले आकडे आहेत. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने २०१६ मध्ये 'रिलेटिव्ह सायटेशन रेशो' काढला. त्यात पेपरबरोबर जे पेपर एकत्र उद्धृत होतात त्यांवरून त्याचा विषय ठरवतात आणि त्या विषयाच्या वेगाशी तुलना करतात. १.० म्हणजे एनआयएचच्या पैशाने झालेल्या मधल्या पेपरइतका. आयसाइट नावाच्या त्यांच्या साइटवर पबमेड क्रमांक टाकले की हा आकडा फुकट मिळतो. एखाद्याचे साठ पेपर एकदम टाकून मध्यक पाहता येतो. बायोडेटात तो सहसा नसतो, त्याचे कारण निराळे सांगायला नको.

इम्पॅक्ट फॅक्टरबद्दल थोडक्यात. युजीन गारफिल्ड यांनी रुजवलेला हा आकडा जर्नलचा असतो, माणसाचा नाही. २०२२ आणि २०२३ मध्ये जर्नलने तीनशे लेख आणि रिव्ह्यू छापले आणि त्या दोन वर्षांतल्या मजकुराला २०२४ मध्ये ९०० सायटेशन्स मिळाली, तर २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर ३.०. त्यातही अंशात संपादकीये आणि पत्रे यांना मिळालेली सायटेशन्स धरतात, छेदात ती पत्रे मोजत नाहीत. बहुतेक जर्नलांत थोडेसे पेपरच बहुतांश सायटेशन्स ओढतात, म्हणून ३.० च्या जर्नलमधल्या निम्म्याहून अधिक पेपरांना तीनपेक्षा कमीच मिळालेली असतात. पंचवीस पेपरांच्या जर्नलांचे इम्पॅक्ट फॅक्टर बेरीज करून 'एकत्रित इम्पॅक्ट फॅक्टर ८७' असे लिहिण्याची पद्धत इथे फार फोफावली आहे. त्या बेरजेला कसलाच अर्थ नाही. आणखी एक खूण: इम्पॅक्ट फॅक्टर काढणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीने २०२३ पासून हा आकडा दशांशचिन्हानंतर एकाच स्थळापर्यंत द्यायला सुरुवात केली. चालू वर्षाचा म्हणून कुणी '७.८३९' दाखवला तर तो बहुधा दुसऱ्याच कुठल्या तरी पैसे घेऊन आकडे वाटणाऱ्या दुकानाचा असतो.

पेपर मोजतानाही सांभाळावे लागते. पदोन्नतीसाठी पेपर लागतात म्हटल्यावर पैसे घेऊन आठवड्यात छापून देणारी जर्नले निघाली आणि तयार पेपर विकणारे कारखानेही. २०२३ मध्ये एकट्या हिंदावी या प्रकाशनसंस्थेने आठ हजारांवर पेपर मागे घेतले. यूजीसीची मान्य जर्नलांची 'केअर' यादी २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाली, तेव्हा 'यूजीसी-मान्य जर्नल' हे शब्द आता जुन्या पेपरांपुरतेच. मागे घेतलेला पेपर ओळखणे अवघड नाही. पबमेडवर तशी ठळक पट्टी असते, आणि मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचचा साठा २०२३ पासून क्रॉसरेफ या संस्थेने सर्वांना खुला केला आहे. आडनावाने शोधताना मात्र वर सांगितलेला जोशींचा घोळ ध्यानात ठेवावा, नाहीतर भलत्यालाच बट्टा लागेल. कारणही वाचावे. लेखकांनी स्वतः चूक कळवून पेपर मागे घेणे आणि चित्रांत फेरफार केल्याचे उघडकीस येणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

शेवटचा मुद्दा सायटेशन कोण देते याचा. ते रुग्ण देत नाहीत, त्याच विषयावर लिहिणारे दुसरे संशोधक देतात. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरण्याविषयी १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिले. कोकणातल्या विंचवाच्या विषाने रक्तदाब चढतो, फुफ्फुसात पाणी होते आणि तरणाताठा माणूस काही तासांत जातो. ते चित्र या औषधाने बदलले. पण विंचूदंशावर काम करणाऱ्या प्रयोगशाळा जगात किती? उद्धृत करणारेच थोडे, मग सायटेशन्स कितीशी जमणार? कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी कॉलऱ्याच्या जंतूंपासून वेगळे केलेले द्रवच सशाच्या आतड्यात रोगाची लक्षणे घडवते, हे १९५९ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवले. त्या पेपरकडे सुरुवातीला फारसे कुणी पाहिले नाही. १९८५ मध्ये ते वारले तोवर देशातल्या विज्ञान अकादमींनी त्यांना फेलो केले नव्हते. त्यांच्यावर १९८६ मध्ये सविस्तर लिहिले ते सायटेशन मोजण्याचा धंदा उभारणाऱ्या गारफिल्ड यांनीच.

आमची मागणी लहान आहे. ज्या शहरात सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचे जाळे विणले, तिथे हे आकडे तपासून देणारे ग्रंथपाल नक्की मिळतील. विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक फोन केला तरी चालेल. छापताना दोन ओळी वाढतील, इतकेच. नमुन्यादाखल: 'स्कोपसनुसार १५ ऑक्टोबरपर्यंत ११२ पेपर, त्यांपैकी ४१ मध्ये पहिले किंवा शेवटचे नाव, एच-इंडेक्स २६, स्व-सायटेशन वगळून २२, नाव एका वर्षाच्या यादीत, उपविषय औषधशास्त्र, मागे घेतलेले पेपर नाहीत.' आणि त्याखाली त्या व्यक्तीने नेमके काय शोधले, ते एका वाक्यात. फोटो थोडा लहान करावा लागला तरी हे वाक्य गाळू नये.

आपले,
जीवरसायन आणि ग्रंथालयशास्त्र या क्षेत्रांतले काही वाचक
वडोदरा